यंत्रनिर्माते आणि मुक्तस्रोत कार्यप्रणाली : साहाय्याच्या सरकत्या सीमेचा इतिहास

१. विषयप्रवेश

संगणकाची यंत्रसामग्री बनविणाऱ्या कंपन्या आणि मुक्तस्रोत कार्यप्रणाली ह्यांच्या संबंधांचा इतिहास बहुधा एका सरळ रेषेत सांगितला जातो. प्रारंभी उपेक्षा, नंतर विरोध आणि अखेरीस स्वीकार अशा तीन पायऱ्या त्यात कल्पिलेल्या असतात. ह्या कथनाला आधार नाही असे नाही. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये छंद म्हणून आरंभिलेली लिनक्स ही कार्यप्रणाली आज मोबाइल फोनपासून महासंगणकापर्यंत सर्वत्र पोहोचली आहे. जगातील सर्वांत वेगवान ५०० संगणकांच्या यादीत नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सखेरीज दुसऱ्या कोणत्याही कार्यप्रणालीवर चालणारा संगणक आढळत नाही. ज्या कंपन्यांनी एकेकाळी ह्या प्रणालीच्या कार्यकर्त्यांना साधी माहितीपुस्तिका देण्याचेही नाकारले, त्यांच्यापैकी काहींनी पुढे तिच्या विकासासाठी पगारी अभियंते नेमले. ह्या घटना निर्विवाद आहेत. मात्र त्यांवरून मुक्ततेच्या तत्त्वाने यंत्रनिर्मात्यांचे मतपरिवर्तन घडविले असा जो निष्कर्ष काढला जातो, तो तपासून पाहणे अवश्य आहे.

ह्यासाठी 'साहाय्य' ह्या शब्दाचे दोन अर्थ प्रथम वेगळे केले पाहिजेत. कोणतेही उपकरण कार्यप्रणालीशी आपणहून बोलू शकत नाही. त्या दोहोंमध्ये दुभाष्याचे काम करणारी एक आज्ञावली लागते. तिला ड्रायव्हर असे म्हणतात. उपकरणातील कोणत्या रजिस्टरमध्ये कोणता आकडा लिहिला असता ते काय करते, एवढे ज्ञान ड्रायव्हर लिहिणाऱ्यास असावे लागते, आणि हे ज्ञान मुळात निर्मात्यापाशीच असते. निर्माता दोन प्रकारे साहाय्य करू शकतो. तो स्वतः लिहिलेला ड्रायव्हर यंत्राला तेवढा वाचता येईल अशा बंद रूपात देईल, किंवा उपकरणाची माहिती अथवा ड्रायव्हरची मूळ संहिता खुली करील. पहिल्या प्रकारात उपकरण चालते. परंतु ते किती काळ चालावे, कोणत्या प्रणालीवर चालावे आणि त्यातील दोष कोणी दुरुस्त करावेत, हे ठरविण्याचा अधिकार निर्मात्याकडेच राहतो. दुसऱ्या प्रकारात हा अधिकार उपकरण बाळगणाऱ्याकडे येतो. पहिल्या प्रकारच्या साहाय्यात झालेली वाढ दुसऱ्या प्रकारच्या खात्यावर मांडल्यामुळेच वरील सरळ कथन निर्माण झाले आहे.

२. पूर्वपीठिका : संहिता मोफत मिळण्याचा काळ

इतिहासाचा आरंभ वैमनस्यापासून झालेला नाही. १९५० नंतरच्या दशकात यंत्र हाच विक्रीचा किंवा भाड्याने देण्याचा माल होता आणि आज्ञावली ही त्याच्याबरोबर येणारी सोय होती. आय.बी.एम.च्या मोठ्या संगणकांचे ग्राहक १९५५ मध्ये 'शेअर' ह्या नावाने एकत्र आले आणि आपण लिहिलेल्या आज्ञावली परस्परांना देऊ लागले. कंपनीला ह्यात वावगे वाटण्याचे कारण नव्हते. यंत्राचा उपयोग जितका वाढेल तितकी त्याला मागणी अधिक, हे तिला उघड दिसत होते.

ही व्यवस्था जिने मोडली ती घटना तांत्रिक नव्हती. ती आर्थिक व कायदेविषयक होती. मक्तेदारीविरोधी कायद्याखाली अमेरिकन शासनाने जानेवारी १९६९ मध्ये आय.बी.एम.वर दावा लावला. त्याच वर्षी २३ जून रोजी कंपनीने यंत्र, आज्ञावली व सेवा ह्यांची किंमत निरनिराळी आकारण्याचा आपला निर्णय जाहीर केला. आज्ञावलीला स्वतंत्र किंमत आली म्हणजे तिची प्रत होऊ न देणे हेही ओघानेच आले. पुढे १९८३ मध्ये ह्याच कंपनीने आपल्या आज्ञावली मूळ संहितेशिवाय, केवळ यंत्ररूपात देण्याचे धोरण जाहीर केले. ज्या वस्तूला किंमत नव्हती ती खुली होती; किंमत आल्यावर ती बंद झाली. हा साधा क्रम पुढील सर्व विवेचनात उपयोगी पडणारा आहे.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचा उगमही यंत्रनिर्मात्याच्या एका नकारातच सांगितला जातो. एम.आय.टी.च्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत १९८० च्या सुमारास झेरॉक्स कंपनीचा एक लेसर मुद्रक आला. त्यात कागद अडकला की दूर बसलेल्यांना तशी सूचना मिळावी अशी सुधारणा रिचर्ड स्टॉलमन ह्यांना करावयाची होती; परंतु मुद्रकाच्या आज्ञावलीची मूळ संहिता त्यांना मिळू शकली नाही. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी जी.एन.यू. ह्या मुक्त प्रणालीची घोषणा केली, १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन झाले आणि १९८९ मध्ये जी.पी.एल. हा परवाना आला. तेव्हा ह्या चळवळीचा पहिला प्रश्न कार्यप्रणालीविषयी नव्हता, उपकरणाविषयी होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

३. वैयक्तिक संगणक : पुस्तिकेचा लोप

आय.बी.एम.ने १९८१ मध्ये वैयक्तिक संगणक बाजारात आणला तेव्हा त्याच्या तांत्रिक पुस्तिकेत विद्युन्मंडलांचे आराखडे आणि यंत्र सुरू करणाऱ्या बायॉस ह्या आज्ञावलीची संहिताही छापलेली होती. त्या काळी हे स्वाभाविक होते. लेखनाची किंवा हिशेबाची आज्ञावली बनविणाऱ्यास मुद्रक व चित्रपट्टिका ह्यांसाठी आपापले ड्रायव्हर स्वतःच लिहावे लागत. म्हणून उपकरणाची माहिती जितक्यांच्या हाती जाईल तितका उपकरणाचा खप अधिक होई. इंटेलच्या ८०३८६ ह्या १९८५ मधील प्रक्रियकाची पुस्तिकाही कोणालाही मिळण्यासारखी होती. लिनक्स आणि विल्यम व लिन जॉलिट्झ ह्यांची ३८६बीएसडी ह्या दोन्ही प्रणाली ह्याच प्रक्रियकासाठी ह्याच सुमारास तयार झाल्या हा योगायोग नव्हे. विद्यार्थ्याला परवडणारे यंत्र आणि त्याचे छापील ज्ञान अशा दोन्ही गोष्टी त्या वेळी एकत्र उपलब्ध होत्या.

मात्र नेमक्या ह्याच वर्षांत परिस्थिती पालटू लागली होती. १९९० मध्ये आलेल्या विंडोज ३.० पासून ड्रायव्हर प्रत्येक आज्ञावलीसाठी वेगळा लिहिण्याची आवश्यकता उरली नाही. निर्मात्याने विंडोजसाठी एक ड्रायव्हर लिहून तो उपकरणाबरोबर तबकडीवर दिला की काम भागू लागले. ग्राहकाच्या दृष्टीने ही मोठीच सोय होती. तिचा अनपेक्षित परिणाम असा झाला की उपकरणाची माहिती बाहेर देण्याचे व्यापारी कारणच नाहीसे झाले. माहिती लपविण्याचा कोणताही ठराव न करता पुस्तिका छापणे बंद पडले. ह्या काळातील असहकाराला विरोध म्हणण्यापेक्षा निष्कारणता म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

ज्यांनी स्पष्ट नकार दिला त्यांच्यापाशी स्पर्धकांचे भय हे कारण होते. डायमंड ह्या चित्रपट्टिका बनविणाऱ्या कंपनीने गुप्ततेचा करार केल्याशिवाय माहिती देण्याचे नाकारले, आणि ज्यांची संहिता सर्वांना वाचता येते त्यांना असा करार करणे शक्यच नव्हते. म्हणून एक्सफ्री८६ ह्या मुक्त चित्रप्रणालीच्या कार्यकर्त्यांनी ह्या पट्टिका विकत घेऊ नयेत असा सल्ला दिला. पुढे कंपनीने आपले धोरण बदलले. ह्या प्रसंगात मुक्त प्रणालीच्या उपयोजकांची ग्राहक म्हणून असलेली शक्ती प्रथमच दिसून आली, तरी ती शक्ती अल्पच होती. ह्या दशकाच्या उत्तरार्धात 'विनमोडेम' ह्या नावाने ओळखले जाणारे स्वस्त मोडेम आले. त्यांच्यातील संकेतांवर प्रक्रिया करणारा भाग काढून टाकून ते काम संगणकाच्याच प्रक्रियकाकडून विंडोजमधील आज्ञावलीद्वारा करवून घेतले जाई. येथे ड्रायव्हर हा उपकरणाचा दुभाष्या न राहता उपकरणाचाच अर्धा भाग बनला. म्हणून तो खुला करणे म्हणजे माल खुला करणे असे निर्मात्यास वाटले तर ते नवल नव्हते.

४. मोठ्या यंत्रांचे निर्माते : साहाय्यामागील हिशेब

घरगुती संगणकाच्या क्षेत्रात ही स्थिती असताना मोठ्या यंत्रांच्या निर्मात्यांनी मात्र वेगळा मार्ग धरला. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधील जॉन हॉल ह्यांची १९९४ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे टोरवाल्ड्स ह्यांच्याशी भेट झाली. त्यानंतर त्यांनी कंपनीचा ६४ बिटांचा अल्फा संगणक टोरवाल्ड्स ह्यांना उपलब्ध करून दिला. १९९५ मधील लिनक्सच्या १.२ ह्या आवृत्तीत अल्फासाठीची संहिता समाविष्ट झाली. ह्या एका यंत्रामुळे केवळ ३८६ साठी लिहिलेली प्रणाली निरनिराळ्या प्रक्रियकांवर नेता येण्याजोगी झाली. कंपनीचा हेतूही लपलेला नव्हता. अल्फा हे उत्तम यंत्र होते. त्यावर चालणारी प्रणाली जितकी स्वस्त व परिचित तितके त्याला ग्राहक अधिक.

हाच हिशेब आय.बी.एम.ने मोठ्या प्रमाणावर मांडला. तिच्या निरनिराळ्या संगणकमालिकांवर निरनिराळ्या कार्यप्रणाली चालत आणि प्रत्येकीचा सांभाळ वेगळा करावा लागे. १९९९ च्या अखेरीस कंपनीच्या जर्मनीतील ब्योब्लिंगेन येथील प्रयोगशाळेने एस/३९० ह्या महायंत्रासाठी लिनक्सची संहिता प्रसिद्ध केली. डिसेंबर २००० मध्ये कंपनीचे प्रमुख लुई गर्स्टनर ह्यांनी येत्या वर्षात लिनक्सवर सुमारे १०० कोटी डॉलर खर्च करण्याचे जाहीर केले. २००५ मध्ये कंपनीने आपले ५०० पेटंट मुक्तस्रोत प्रकल्पांना वापरण्यास मोकळे केले. इंटेलने तर १९९८ मध्येच नेटस्केपसमवेत रेड हॅट ह्या लिनक्सच्या कंपनीत भांडवल गुंतविले होते. सन व ह्यूलेट पॅकार्ड ह्यांच्या खास प्रक्रियकांवर चालणाऱ्या युनिक्सच्या बाजारात इंटेलच्या प्रक्रियकांना प्रवेश मिळवून देणारे साधन म्हणजे लिनक्स होते.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत ज्यांना पूरक वस्तू म्हणतात त्यांचा नियम येथे लागू पडतो. दोन वस्तू एकमेकींशिवाय निरुपयोगी असतील तर एकीची किंमत उतरली असता दुसरीची मागणी वाढते. यंत्र, प्रक्रियक किंवा सेवा विकणाऱ्यास कार्यप्रणाली मोफत असणे लाभाचेच होते. ह्या धोरणाचे फळ पुढील काळात स्पष्ट दिसते. लिनक्स फाउंडेशनच्या २०१३ मधील अहवालानुसार लिनक्सच्या कर्नलवरील, म्हणजे तिच्या गाभ्यावरील, ८० टक्क्यांहून अधिक काम पगारी अभियंत्यांकडून होत होते. छंदाची प्रणाली उद्योगाची सामाईक मालमत्ता बनली होती.

अशा साहाय्याचे आयुष्य हिशेबाच्या आयुष्याएवढेच असते, हेही येथेच नमूद केले पाहिजे. सन मायक्रोसिस्टिम्सने २००५ मध्ये आपली सोलॅरिस ही प्रणाली 'ओपनसोलॅरिस' ह्या नावाने खुली केली. जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने ती कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी हा प्रकल्प बंद पडला. जी संहिता एकदा खुली झाली होती ती मात्र परत घेता आली नाही. तिच्यावर इतरांनी पुढे काम चालू ठेवले. दिलेला ड्रायव्हर आणि दिलेले ज्ञान ह्यांतील भेद येथे अगदी स्पष्ट होतो.

५. चित्रप्रक्रियक : तीन कंपन्या, तीन मार्ग

विषयाचा खरा कस चित्रप्रक्रियकांच्या इतिहासात लागतो, कारण उपकरणाचे मोल आणि त्याच्या ड्रायव्हरचे मोल येथे एकमेकांत सर्वाधिक मिसळलेले आहे. ह्या क्षेत्रातील तीन प्रमुख कंपन्यांनी तीन मार्ग अनुसरले.

इंटेलने ऑगस्ट २००६ मध्ये ९६५ एक्स्प्रेस ह्या संचासाठी मुक्त ड्रायव्हर प्रसिद्ध केला. त्या काळी इंटेलचा चित्रप्रक्रियक स्वतंत्रपणे विकला जात नसे. तो संगणकाच्या मुख्य पट्टिकेवरील संचातच अंतर्भूत असे. त्याची रचना उघड केल्याने कंपनीचा मुख्य माल, म्हणजे प्रक्रियक, धोक्यात येत नव्हता. ह्या औदार्याची मर्यादा दोनच वर्षांनी दिसून आली. २००८ मध्ये ॲटम प्रक्रियकांसाठी आलेल्या जी.एम.ए. ५०० ह्या भागाची रचना इमॅजिनेशन टेक्नॉलॉजीज ह्या ब्रिटिश कंपनीकडून परवान्याने घेतलेली होती. म्हणून त्याचा पूर्ण ड्रायव्हर खुला होऊ शकला नाही. कंपनी तीच, काळही जवळजवळ तोच. भेद केवळ रचनेच्या मालकीत होता. निर्मात्याच्या स्वभावावरून त्याच्या धोरणाचा उलगडा करू पाहणाऱ्यांनी हे उदाहरण विचारात घ्यावयास हवे.

ए.एम.डी.ने २००६ मध्ये एटीआय ही चित्रप्रक्रियकांची कंपनी विकत घेतली आणि सप्टेंबर २००७ मध्ये आपल्या रचनेची माहिती प्रसिद्ध करण्याचे जाहीर केले. पहिल्याच खेपेस सुमारे ९०० पृष्ठांचा मजकूर बाहेर आला आणि नॉव्हेल कंपनीच्या अभियंत्यांनी त्यावरून ड्रायव्हर लिहिण्यास प्रारंभ केला. ज्या पुस्तिका विंडोजच्या काळात लोप पावल्या होत्या त्या जणू परत आल्या. २०१५ मध्ये ए.एम.डी.चा नवा ड्रायव्हर कर्नलमध्ये दाखल झाला. ह्या मार्गावरील सर्वांत उद्बोधक प्रसंग डिसेंबर २०१६ मधील आहे. कंपनीने पडद्यावरील दृश्य नियंत्रित करणारी सुमारे एक लाख ओळींची संहिता कर्नलमध्ये घेण्यासाठी पुढे केली. परंतु त्या विभागाचे प्रमुख डेव्ह एअर्ली ह्यांनी ती स्वीकारली नाही. अनेक कार्यप्रणालींसाठी एकच संहिता वापरता यावी म्हणून कंपनीने मध्ये घातलेला थर कर्नलच्या रीतीस सोडून आहे, असा त्यांचा आक्षेप होता. पुनर्रचना केल्यानंतरच ती संहिता जानेवारी २०१८ मधील ४.१५ ह्या आवृत्तीत आली. पंचवीस वर्षांपूर्वी निर्माता माहिती नाकारीत असे. आता निर्मात्याने दिलेली संहिता नाकारली जाऊ शकत होती. संबंधांतील हे परिवर्तन कोणत्याही रकमेच्या आकड्यापेक्षा अधिक बोलके आहे.

तिसरी कंपनी एनव्हिडिया. २००० च्या सुमारापासून तिने लिनक्ससाठी ड्रायव्हर दिला, तो वेळोवेळी सुधारला आणि अनेकांच्या मते तो कार्यक्षमही होता. मात्र तो बंद होता. २००५ च्या सुमारास काही कार्यकर्त्यांनी बंद ड्रायव्हर उपकरणाला काय काय सांगतो हे टिपून घेऊन, त्यावरून उपकरणाची रचना हुडकून काढण्याचे काम हाती घेतले. त्यातून निर्माण झालेला 'नूव्हो' हा ड्रायव्हर २०१० मध्ये कर्नलमध्ये आला. जून २०१२ मध्ये फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात झालेल्या सभेत टोरवाल्ड्स ह्यांनी, आजवर संबंध आलेल्या कंपन्यांत ही सर्वांत वाईट असा जाहीर ठपका ठेवला. त्यानंतर २०१४ च्या अखेरीस आलेल्या मॅक्सवेल मालिकेतील नव्या प्रक्रियकांपासून उपकरणाच्या आत चालणाऱ्या आज्ञावलीवर कंपनीची सांकेतिक स्वाक्षरी आवश्यक झाली. स्वाक्षरीवाचून उपकरणाचा वेग वाढविता येईना. परिणामी नूव्होवर चालणारी ही उपकरणे दीर्घकाळ आपल्या प्रारंभीच्या मंद गतीतच अडकून पडली. अभ्यासाने रचना कळली तरी स्वाक्षरी अभ्यासाने मिळत नाही, हा ह्या प्रसंगाचा अर्थ होता.

मे २०२२ मध्ये ह्याच कंपनीने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमध्ये बसणारा भाग मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केला, आणि २०२४ मध्ये नव्या उपकरणांसाठी तोच भाग मुख्य ठरविला. ह्या वार्तेचे स्वागत मतपरिवर्तन म्हणून झाले. वस्तुतः तोपर्यंत कंपनीच्या व्यवसायाचे केंद्र खेळाच्या पट्टिकांवरून माहितीकेंद्रांकडे सरकले होते, आणि तेथील बहुतेक यंत्रे लिनक्सवर चालत. पुण्याच्या सी-डॅकमधील परम सिद्धी-एआय हा महासंगणक नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत ६३ व्या स्थानी होता. त्याच्या गणनशक्तीचा आधार म्हणजे एनव्हिडियाचे ए१०० प्रक्रियकच होते. अशा ग्राहकांच्या यंत्रांत कर्नलच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर बंद भाग पुन्हा जुळवीत बसणे हे उभय पक्षांना गैरसोयीचे होते. येथेही हिशेबच पालटला होता.

६. सरकलेली सीमा

ह्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न असा की नेमके काय खुले झाले? एनव्हिडियाच्या २०१८ मधील ट्युरिंग मालिकेपासून प्रत्येक उपकरणात एक स्वतंत्र नियंत्रक प्रक्रियक आहे. पूर्वी ड्रायव्हर करीत असे त्यांपैकी बरेचसे काम ह्या अंतर्गत प्रक्रियकावर चालणाऱ्या फर्मवेअरकडे सोपविण्यात आले आहे, आणि हे फर्मवेअर बंदच आहे. मुक्त झालेला ड्रायव्हर हा बऱ्याच अंशी त्या अंतर्गत प्रणालीकडे निरोप पोहोचविणारा आहे. २०२४ च्या प्रारंभी नूव्होलाही ह्याच फर्मवेअरचा आधार घेता आला आणि त्याची मंदगतीची अडचण नव्या उपकरणांपुरती दूर झाली. लाभ खरा आहे. परंतु गुप्ततेची सीमा पुसली गेली नसून ती कर्नलमधून उपकरणाच्या आत सरकली आहे, हेही तितकेच खरे आहे.

ही गती एका कंपनीपुरती नाही. बिनतारी जोडणीच्या क्षेत्रात तिचा आरंभ पूर्वीच झाला होता. मार्च २००३ मध्ये इंटेलची सेंट्रिनो ही योजना आली तेव्हा तिच्या बिनतारी भागाला लिनक्सचा ड्रायव्हर नव्हता. २००४ मध्ये तो मिळाला. त्याची संहिता मुक्त होती, मात्र सोबतचे फर्मवेअर बंद होते. ब्रॉडकॉमच्या उपकरणांसाठी कार्यकर्त्यांच्या एका गटाने रचना हुडकून तिचे वर्णन लिहिले आणि दुसऱ्या गटाने केवळ त्या वर्णनावरून ड्रायव्हर तयार केला. कंपनीने स्वतःचा मुक्त ड्रायव्हर दिला तो सप्टेंबर २०१० मध्ये. त्यालाही बंद फर्मवेअर लागतच होते.

मुक्त प्रणालीच्या गोटातही ह्या सीमेविषयी एकमत नव्हते. ओपनबीएसडी ह्या प्रणालीने कर्नलमधील बंद भाग आणि गुप्ततेचे करार ह्या दोहोंना ठाम नकार दिला. २००६ मधील ३.९ ह्या आवृत्तीचा तोच प्रमुख विषय होता. उपकरणाच्या आत चालणारे आणि मोकळेपणाने वाटता येणारे फर्मवेअर मात्र तिने स्वीकारले. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनला तेही मान्य नव्हते. लिनक्सच्या बाजूने २००७ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन ह्यांनी, कोणत्याही कंपनीने माहिती दिल्यास तिच्या उपकरणाचा ड्रायव्हर विनामूल्य लिहून देण्यात येईल असे जाहीर केले. आवश्यक तेथे कंपनीशी गुप्ततेचा करार करण्याची तयारीही त्यात होती. अट एवढीच की तयार होणारी संहिता मुक्त असावी. डेबियन ह्या संघटनेचा प्रवास तर संपूर्ण प्रश्नाचा आरसाच आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये तिने आपल्या कर्नलमधून सर्व बंद फर्मवेअर काढून टाकले. ऑक्टोबर २०२२ मध्ये सदस्यांच्या मतदानाने बंद फर्मवेअर अधिकृत स्थापनासंचात घेण्याचे ठरले, आणि २०२३ मधील बाराव्या आवृत्तीपासून ते अमलात आले. तत्त्वाचा विसर पडला म्हणून हे घडले असे म्हणता येणार नाही. अकरा वर्षांत उपकरणांचीच घडण अशी झाली होती की फर्मवेअरवाचून पडद्यावर चित्र किंवा संगणकास जाळ्याची जोडणी मिळणे अनेक यंत्रांवर दुष्कर झाले होते.

सीमेवरील तिसरा पक्षही विसरता येत नाही. काही वेळा निर्माता तयार असूनही त्याला मोकळीक नसते. एच.डी.एम.आय. जोडणीच्या २.१ ह्या आवृत्तीसाठी ए.एम.डी.ने मुक्त ड्रायव्हरमध्ये सोय करण्याचा प्रस्ताव मांडला. मानके ठरविणाऱ्या एच.डी.एम.आय. फोरमने तो नाकारल्याचे २०२४ च्या प्रारंभी स्पष्ट झाले. ह्याच्या उलट टोकाला ॲपलचे उदाहरण आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या एम१ ह्या प्रक्रियकाची माहिती कंपनीने दिली नाही. परंतु आपल्या संगणकावर दुसरी कार्यप्रणाली सुरू करण्याचा मार्गही बंद केला नाही. तेवढ्या फटीतून 'असाही लिनक्स' ह्या प्रकल्पाने उपकरणाची रचना शोधून काढून काम उभे केले. साहाय्य न करणे आणि अडथळा घालणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे ह्यावरून ध्यानात येते.

७. समारोप

ह्या विवेचनातून तीन गोष्टी हाती लागतात. एक, यंत्रनिर्मात्यांचे धोरण हे वैमनस्याकडून मैत्रीकडे गेलेले नाही. ते प्रत्येक काळी आपला विकाऊ माल जेथे सुरू होतो त्या रेषेपर्यंत गेलेले आहे. १९५५ मध्ये यंत्र हा माल होता, म्हणून आज्ञावली मोकळी होती. विनमोडेमच्या काळी ड्रायव्हर हाच माल झाला, म्हणून तो बंद राहिला. पुढे मालाचे मर्म फर्मवेअरमध्ये गेले आणि ड्रायव्हर पुन्हा मोकळा होऊ लागला. दोन, ह्या हिशेबाला वळण देण्याचे सामर्थ्य मुक्त प्रणालीच्या कार्यकर्त्यांत होते. त्यांनी रचना शोधून काढल्या, परवान्याचा आग्रह धरला आणि गैरसोयीची संहिता परत पाठविली. म्हणूनच बंद ठेवण्याची किंमत वाढत गेली. केवळ व्यापारी हिशेबाने सर्व घडले असते तर मॅक्सवेलनंतर कोणी श्रम घेतलेच नसते. तीन, एखाद्या उपकरणाला 'साहाय्य आहे' एवढे म्हटल्याने इतिहासकाराचे किंवा ग्राहकाचे समाधान होता कामा नये. साहाय्य कोणत्या थरापर्यंत आहे, आणि निर्माता उद्या नाहीसा झाला तर त्या उपकरणाचे काय होईल, हे प्रश्न विचारले पाहिजेत.

ह्या प्रश्नांचे महत्त्व केवळ तात्त्विक नाही. मोबाइल फोनच्या क्षेत्रात २००८ पासून अँड्रॉइडच्या रूपाने लिनक्सचा कर्नल घरोघर पोहोचला. तरीही चिपनिर्मात्याने आपल्यापुरता बदललेला कर्नल आणि त्यासोबतचे बंद भाग ह्यांची देखभाल थांबविली की सुस्थितीतील फोनही सुधारणांवाचून निकामी ठरू लागतात. सार्वजनिक पैशाने उभारलेली प्रयोगशाळा, विद्यापीठातील संगणककक्ष किंवा शासकीय कार्यालय ह्यांच्याही यंत्रांचे आयुष्य ह्याच रेषेवर अवलंबून असते. ज्याची पुस्तिका उपलब्ध आहे असे जुने यंत्र विद्यार्थ्याला उघडून शिकता येते आणि संस्थेला चालू ठेवता येते. ज्याचे मर्म स्वाक्षरीबंद आहे असे नवे यंत्र केवळ वापरता येते. झेरॉक्सच्या मुद्रकापाशी १९८० च्या सुमारास उपस्थित झालेला प्रश्न नेमका हाच होता. त्यानंतरच्या काळात त्याचे उत्तर बऱ्याच प्रमाणात मिळाले. मात्र दरम्यान तो प्रश्न यंत्राच्या आणखी एका आतील दालनात जाऊन बसला आहे, आणि पुढील संशोधनाने त्याचा शोध तेथेच घेतला पाहिजे.